ताडपत्रीखालचा मका

कुपवाड,
गुरुवार

प्रिय क्रांती,

तुझा फोन मी मध्येच ठेवला, त्याला बरेच दिवस झाले. त्यानंतर तू पुन्हा केला नाहीस, ते बरोबरच केलंस. तू एवढंच विचारलं होतंस, "स्वप्ने, तू तिथं होतीस. मका कसा होता तेवढं सांग." मी म्हणाले, "आत्ता घरात माणसं आहेत," आणि ठेवून दिला. माणसं होती हे खोटं नव्हतं. आप्पा, म्हणजे माझे सासरे, समोरच्याच खुर्चीत बसलेले होते. पण ते उठून गेल्यावरही मी तुला फोन केला नाही. मला बोलायला वेळ लागतो, हे तुला कॉलेजपासून माहीत आहे. लिहायला तेवढा लागत नाही. हाताने एवढं मोठं काही लिहून फार वर्षं झाली, अक्षर बिघडलंय, सांभाळून घे.

आधी घरचं सांगते. ब्राह्मी शाळेत जायला लागली. रडत नाही. फक्त भरतेशच्या, तिच्या बाबांच्या, मोटारसायकलला कुणाला हात लावू देत नाही. अतिशयने, माझ्या दिराने, एकदा बाजारात जायला चावी घेतली तर ती संध्याकाळी जेवलीच नाही. तेव्हापासून गाडी मिलच्या ऑफिससमोर उभी आहे, टायरमधली हवा गेली आहे. अक्कांचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे थंडीत जास्त धरतात. मी सकाळी डबा करते, मग ऑफिसात जाऊन बसते, दुपारी घरी, पुन्हा ऑफिसात. घर आणि मिल एकाच आवारात आहे हे तू पाहिलं आहेस. पूर्वी मला ते सोयीचं वाटायचं. आता घराच्या उंबऱ्यापासून गेटपर्यंत गेलं की माझं बाहेर जाणं संपतं. बाहेर रस्त्यावर सकाळी कारखान्यांचे कामगार गाड्यांवरून जातात, ते मी गेटाच्या जाळीतून बघते. माझा भाऊ कराडहून दोनदा येऊन गेला. चार दिवस चल म्हणाला. मी गेले नाही. गेले तर मिल सोडून गेली म्हणतील, आणि मी नसताना इथे काय काय ठरेल याचीही भीती वाटते. राहिले आहे तर माझ्यासमोर ठरतंय, एवढाच फरक आहे.

मलकापूरची आपली खोली परवा आठवली. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी बुरशी वाढवायचं प्रॅक्टिकल होतं, आठवतं? काचेच्या बशीत आपण ती वाढवायची, मोजायची, आणि मग उकळत्या वाफेच्या यंत्रात घालून मारून टाकायची. मला ते शेवटचं जमायचं नाही. वाढवेपर्यंत काही वाटायचं नाही, पण यंत्राचं झाकण लावताना हात थांबायचा. तू माझ्या बशा तुझ्या बशांबरोबर आत सरकवायचीस आणि म्हणायचीस, "दे इकडं. तुझं पाप माझ्या खात्यावर लिही, माझं खातं आधीच लय मोठं हाय." सगळ्या मुली हसायच्या. सरांनी एकदा पिवळट हिरवी बुरशी दाखवून सांगितलं होतं, ही दिसते तिथेच असते असं समजू नका. ही निघून गेली तरी हिने केलेलं विष दाण्यात राहतं, ते दिसत नाही, त्याला वास नाही, भाजलं तरी जात नाही. परीक्षेत त्यावर प्रश्न आला होता. आपण दोघींनीही तो लिहिला होता.

तू लग्नाला आली होतीस तेव्हा इथे फक्त शेंगपेंड आणि गाईम्हशींचं खाद्य होतं. कोंबडीखाद्य नंतर भरतेशने सुरू केलं. त्यावरून घरात किती धुसफूस झाली होती. जैनाच्या मिलमध्ये कोंबडीचं खाद्य, हे आप्पांच्या गळी उतरत नव्हतं. शेवटी तोड निघाली ती अशी, की खाद्य द्यायचं ते फक्त अंड्यांच्या कोंबड्यांसाठी. कापायच्या कोंबड्यांना एक पोतंसुद्धा नाही. आप्पा म्हणाले होते, "वाडवून मारायचं खाद्य आपल्या मिलमधनं जायचं न्हाई. जी जगणार हाय तिला खाऊ घाल." भरतेशने ते शेवटपर्यंत पाळलं. ब्रॉयलरवाले गेटपर्यंत यायचे आणि परत जाताना चेष्टा करायचे, "काय शेठ, आमच्याच कोंबड्यांनी काय पाप केलंय?" भरतेशही हसायचा. अंडी द्यायची थांबलेली कोंबडी पुढे कुठे जाते, हे आप्पांनी कधी विचारलं नाही आणि आम्ही कुणी सांगितलं नाही. आमच्या घरात बऱ्याच गोष्टी अशा न विचारता, न सांगता चालतात. वाईट चालतात असं नाही. मीही त्यातलीच आहे.

तुमच्या शेतकरी बायकांच्या गटाचा मका आपल्या मिलला घ्यायचा, हे माझ्यामुळे ठरलं. भरतेशला मी सांगितलं, क्रांती आहे तिथे, फसवणार नाही. तो म्हणाला, तुझी मैत्रीण म्हणून घेणार नाही, दाणा बघून घेणार. मला ते आवडलं होतं. आणि यंदा नेमका परतीचा पाऊस लांबला. तू त्याला फोनवर स्पष्ट सांगितलंस की मका काढलाय पण ऊन मिळालेलं नाही, ओलावा जास्त आहे, चालत नसेल तर थांबते. मी शेजारी बसून शेंगा सोलत होते, फोन स्पीकरवर होता. तो म्हणाला, "येऊ द्या क्रांतीताई. माझ्याकडं फरशी हाय, दोन उन्हं दिली की वाळतोय. तुमी तिथं ढिगात ठेवलासा तर वाया जाईल." हे तुझ्याही लक्षात असेल. पण तू सांगितलंस तर ते नुसतं तुझं म्हणणं ठरतं. म्हणून मी ते माझ्याकडून लिहिते आहे.

गाडी आली तेव्हा मी गेटवर होते, कारण ओलावा मोजायचं यंत्र मी हाताळते. भरतेशने पोकळ सळई पोत्यांत खुपसून वरचे, मधले, तळाचे दाणे काढले. कोपऱ्यातली पोतीही सोडली नाहीत, कारण माल खराब असला तर तो कोपऱ्यात लपवलेला असतो असं तो म्हणायचा. यंत्रावर ओलावा एकोणीसच्या आसपास आला. चौदाच्या आत असावा लागतो. हे त्याला माहीत होतं, तुला माहीत होतं, मला माहीत होतं, त्यात लपवालपवी काहीच नव्हती. पण दाणा स्वच्छ होता. त्याने मूठभर हातावर घेऊन वास घेतला, मग माझ्या नाकासमोर धरला. ओल्या कणसाचा वास होता, दुसरा कसलाही नाही. काळा ठिपका नाही, हिरवट भुकटी नाही, गाठ नाही. त्याने काही दाणे फोडून अंकुराची बाजू पाहिली, मला दाखवली. पांढरी होती. "चांगला हाय गं," तो म्हणाला, "नुसता ओला हाय." हे त्याचे शब्द आहेत, मी एकही बदललेला नाही. मका फरशीवर ओतला, आणि सकाळी पसरायचं ठरलं.

सकाळी चहा घेऊन तो ढीग पसरायला म्हणून बाहेर गेला आणि गेटाजवळ खाली बसला. मी खिडकीतून पाहिलं, मला वाटलं चपलेचा अंगठा तुटला असेल. मी हाकसुद्धा मारली नाही. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलेलं होतं. तू दुसऱ्या दिवशी आलीस, माझ्याजवळ बसलीस, तुला ते सगळं माहीत आहे. पण तू बाहेरच्या फरशीवर ज्या खुर्च्यांमधून चालत आलीस, त्या खुर्च्यांच्या जागी आदल्या दिवशी मका होता हे तुला माहीत नसेल. माणसं येणार, त्यांना बसायला जागा हवी, म्हणून अतिशयने आणि हमालांनी तो फावड्यांनी ओढून भिंतीला लावला. ढग आले होते. त्यावर ताडपत्री घातली, कडेने दगड ठेवले. त्यात चूक कुणाचीच नव्हती. दारात माणूस गेलेला असताना मका कुठे ठेवायचा याचा विचार कोण करतं?

मला आतल्या खोलीत बसवलं होतं. त्या खोलीची खिडकी भिंतीच्या त्या बाजूला उघडते. सुतकात मी त्या खोलीतून हलायचं नव्हतं, आणि तसंही माझ्यात उठायचं बळ नव्हतं. बायका येत होत्या, गळ्यात पडत होत्या, जात होत्या. पहिल्यांदा वास आला तो ओल्या गोणपाटासारखा. मला वाटलं भास आहे. मग तो आंबूस झाला, आणि उबदार. पेंड तापली की येतो तसा. क्रांती, मी भरतेशसाठी रडत होते आणि प्रत्येक श्वासाबरोबर मला कळत होतं की बाहेर तो मका तापतोय. दोन्ही एकाच वेळी चाललं होतं. कुणाला सांगावं? शेवटी मी अक्कांना म्हणाले, "अक्का, तो मका कुणाला तरी पसरायला सांगा." पलूसची एक लांबची आत्या म्हणाली, "डोसकं ठिकाणावर न्हाई पोरीचं, व्हतं असं." अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "आत्ता तुला मक्याचं सुचतंय?" त्यांचा मुलगा गेला होता. त्यांनी चुकीचं विचारलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. मी पुन्हा ते बोलले नाही. खिडकी लावून घेतली.

एकदा अतिशयलाही ते कळलं असावं. तो ताडपत्रीपाशी गेला, एक दगड बाजूला केला. आप्पा फरशीवर बसले होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "काय करतूस?" तो म्हणाला, "आप्पा, गरम लागतंय. जरा वारं देतो." आप्पा म्हणाले, "सुतक फिटल्याबिगर मिलमधली काडी हलायची न्हाई. माझा पोरगा गेलाय, मका न्हाई गेला." अतिशयने दगड पुन्हा होता तिथे ठेवला. हे मी लावलेल्या खिडकीच्या फटीतून पाहिलं आहे, ऐकलं आहे. अतिशयला माहीत आहे की मी तिथे होते. त्यामुळे आम्ही दोघं आता जेवताना एकमेकांकडे बघत नाही.

सुतक फिटलं. घर धुतलं. सगळे बस्तीत जाऊन भगवंतांचं दर्शन घेऊन आले, आणि मग ताडपत्री काढली. आतून वाफ आली. वरचा थर पिवळाधमक होता, बघणाऱ्याला वाटावं काही झालेलंच नाही. आत हात घातला तर दाणे एकमेकांना चिकटून ढेकळं झालेली, आणि ढेकळांवर तीच पिवळट हिरवी भुकटी. अतिशयने ढेकळं वेगळी काढली, फेकून दिली. उरलेला मका पसरला. ऊन चांगलं होतं, वाळलाही छान. मी त्याला म्हणाले, "अतिशय, एकदा तपासून घे बाबा." तो म्हणाला, "वहिनी, दादाच्या हातचा शेवटचा माल हाय. खराब तेवढा काढला की." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तपासणीचं नाव पुन्हा काढणं म्हणजे भरतेशच्या मालावर शंका घेणं झालं असतं, आणि ती शंका त्याच्या बायकोने घेतली असं झालं असतं. आप्पांना मिल भरतेशच्याच मक्याने सुरू करायची होती. त्यांनी णमोकार मंत्र म्हटला आणि आपल्या हाताने बटण दाबलं. त्यांनी कोंबडीखाद्याच्या यंत्राला हात लावला तो त्या दिवशी, पहिल्यांदाच. आम्ही सगळे उभे होतो. ब्राह्मी माझा हात धरून होती. सगळ्यांना बरं वाटत होतं, क्रांती. इतक्या दिवसांनी घरात यंत्राचा आवाज आला होता.

ते खाद्य पलूसला तौसीफच्या शेडवर गेलं. तौसीफ आणि सुमैरा, दोघं मिळून अंड्यांच्या कोंबड्या सांभाळतात. तौसीफ भरतेशचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. पहिल्यांदा अंडी कमी झाली. मग टरफलं पातळ यायला लागली, हातात घेतली की फुटायची. त्याला वाटलं थंडीने असेल, पाण्याने असेल. मग कोंबड्या पंख पाडून कोपऱ्यात उभ्या राहायला लागल्या, रोज काही मरायला लागल्या, आणि सकाळी उठून शेडमध्ये जायची सुमैराला भीती वाटायला लागली. डॉक्टरांनी एक मेलेली कोंबडी फाडून दाखवली. यकृत पिवळं पडलेलं, बोटाने दाबलं की भुगा होत होता. त्यांनी खाद्य तपासायला पाठवलं. अफ्लाटॉक्सिन निघालं. म्हणजे त्याच बुरशीचं विष, आणि थोडंथोडकं नाही.

तौसीफ कागद घेऊन इथे आला तेव्हा मी ऑफिसात एकटी होते. खुर्चीवर बसला नाही. म्हणाला, "वहिनी, मी भांडाय आलेलो न्हाई. भरतेशभाईंचं खाद्य हाय म्हणून मी पोतं उघडून नाकाला बी लावलं न्हाई. दुसऱ्या कुणाचं असतं तर लावलं असतं. मला फक्त कळलं पायजे हे झालं कसं. उद्या परत खाद्य कुणाकडनं घ्यायचं ते मला ठरवाय लागंल." मी त्याला पाणी दिलं. तो पाणी पिईपर्यंत मी सांगायचं ठरवत होते. तेवढ्यात अतिशय आला, त्याने कागद वाचला आणि म्हणाला, "मका साताऱ्याकडनं आला हुता. नव्या गटाचा. आलाच तसा." त्याने ते पटकन म्हटलं. ठरवून म्हटलं नसावं. बुडताना हाताला लागेल ते धरतात तसं. पण एकदा म्हटल्यावर ते खरं होत गेलं. संध्याकाळी त्याने तेच आप्पांना सांगितलं, दुसऱ्या दिवशी आणखी दोघांना, आणि मग मिलवाल्यांच्या ग्रुपवर तुमच्या गटाचं नाव आलं. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुमच्या गाड्या दोन ठिकाणांहून न उतरवता परत पाठवल्या, हे मला तुझ्या त्या फोनवरून कळलं. गटातल्या बायका तुला काय बोलत असतील याचाही अंदाज आहे. मैत्रिणीच्या भरवशावर तूच त्यांचा माल इकडे आणला होतास.

आमच्या मिलच्या शेडमध्ये अजून काही मका उरला होता. अतिशय म्हणाला, चांगल्या मक्यात थोडा थोडा मिसळून संपवू, सगळे करतात. आप्पांनी त्याला बोलू दिलं नाही. शेडच्या मागे खड्डा काढायला लावला, चुना टाकून सगळा मका पुरून टाकला, खड्डा बुजेपर्यंत स्वतः उन्हात उभे राहिले. त्यांनी जे केलं ते पापभीरू माणूस करील तेच केलं. पण त्यामुळे आता दाखवायला एक दाणा उरलेला नाही. मका आला तेव्हा कसा होता, हे पाहणारे गेटवर तिघं होतो. तुमच्या ड्रायव्हरचं कुणी मनावर घेत नाही. भरतेश नाही. राहिले मी.

तुला वाटेल, मग आप्पांना तरी सांग. मी सांगणार होते. कोंबड्या मेल्याचं कळलं त्या दिवसापासून ते एकदाच जेवतात. कशासाठी ते सांगत नाहीत, आणि आम्ही विचारत नाही. मी दुपारी त्यांना वाढत होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणाले, "आप्पा, त्या मक्याचं थोडं बोलायचं होतं." त्यांनी ताटातून मान वर केली नाही. म्हणाले, "मका आला तवाच खराब हुता." मी आमटीची वाटी हातात धरून उभी राहिले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हुता न्हवं, पोरी?" त्यांनी माझ्याकडे आजवर कधी काही मागितलेलं नाही. भरतेश गेला तेव्हा माझ्या भावासमोर ते म्हणाले होते, आता ही माझी सून न्हाई, लेक हाय, आणि तसंच वागले आहेत. ज्या माणसाने आयुष्यभर मुंगीला वाट दिली, त्याला मी काय सांगायचं होतं? की तुम्ही मुलासाठी मिल बंद ठेवलीत म्हणून तौसीफच्या शेडमध्ये एवढे जीव गेले? मी काही बोलले नाही. ते "हां" म्हणाले आणि जेवायला लागले. मी गप्प राहिले की या घरात त्याचा अर्थ होकार होतो. माझं लग्नही असंच ठरलं होतं. ते चांगलं निघालं, त्यामुळे मला कधी सवय मोडावी लागली नाही.

आता मला झोपेत सुद्धा दोन माणसं दिसतात, एक तू आणि एक आप्पा, आणि दोघांच्या मध्ये मी वाटी धरून उभी आहे. तुला खरं मिळालं तर त्यांचं जेवण कायमचं तुटेल. त्यांना खोटं मिळालं तर तुझा गट तुटेल, आणि तौसीफ पुढच्या वर्षी पुन्हा न उघडता कुणाचं तरी पोतं घेईल, कारण चूक कुठे झाली हे त्याला कळलेलंच नसेल. ओला मका ताडपत्रीखाली ठेवू नये, तापलेल्या ढिगातला चांगला दिसणारा दाणाही खाऊ घालू नये, ही एवढीच गोष्ट आहे. पण ती सांगायची तर भरतेशच्या सुतकाचं सांगावं लागतं. भरतेश असता तर त्याने पहिल्याच दिवशी पलूसला जाऊन सांगितलं असतं, माझ्याकडनं झालं. तो नाही म्हणूनच हे झालं, आणि तो नाही म्हणूनच हे सांगायला कुणी नाही. या भोवऱ्यात मी दिवसभर फिरत असते, कुठूनही निघाले तरी तिथेच येते.

रविवारी सांगलीत मिलवाल्यांची आणि पोल्ट्रीवाल्यांची बैठक आहे, तुलाही बोलावलं आहे, हे अतिशयने काल सांगितलं. तौसीफ येणार आहे. मला न्यायचं ठरलं आहे. मी उठून एवढंच सांगायचं आहे की मका गेटवर आला तेव्हाच त्याला वास होता. अतिशय म्हणाला, "वहिनी, जास्त काय बोलू नका, नुसती मान हलवली तरी चालंल." मी नेहमीसारखी गप्प राहिले, आणि ते ठरलं. मी ओळखते मला, क्रांती. तिथे मी आप्पांच्या शेजारी बसलेली असेन आणि माझ्या तोंडून खरं निघणार नाही. खोटंही मी बोलणार नाही, पण मी बोलले नाही तर काय धरलं जातं ते तुला आता कळलं आहे. फोनवर सांगितलं असतं तर, स्वप्नाली असं म्हणाली, हे तुझंच म्हणणं झालं असतं. म्हणून कागदावर, माझ्या हाताने लिहिलं आहे आणि खाली पूर्ण नावाची सही केली आहे. माझं अक्षर अतिशय ओळखतो, आप्पाही ओळखतात. मलकापूरचं आणि घरातलं आपल्या दोघींपुरतं ठेव. ओलावा सांगणाऱ्या तुझ्या फोनपासून आणि गेटवर गाडी आल्यापासून ताडपत्री काढून यंत्र सुरू केलं तिथपर्यंत सगळं वाच. दगड उचलून पुन्हा ठेवला तेही वाच, गाळू नकोस. सुतकात मिल बंद ठेवणं हा गुन्हा नव्हता, हे माझं म्हणणंही वाच. वाचताना माझ्याकडे बघू नकोस. मला संध्याकाळी आप्पांच्याच गाडीत बसून याच गेटातून आत यायचं आहे. आप्पांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, ते अर्धं ऐकतील आणि मला विचारतील, काय म्हणाली ती. तेवढं माझ्यावर आणू नकोस. त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहा, आणि सावकाश, मोठ्याने वाच.

तुझीच,
स्वप्नाली
(सौ. नाही, श्रीमती स्वप्नाली भरतेश पाटील)